केळीची बाग पडली अन् भाऊ परत प्यायला: हे ताणाच्या हार्मोनचं काम की जिद्द नसल्याचं?

बागवाली (रात्री १०:१२)
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

यावल तालुक्यात आमची केळी आहे. धाकटा भाऊ बघतो, घरात आम्ही त्याला बापू म्हणतो. बापूने दारू सोडून मे महिन्यात दीड वर्ष झालं होतं. दीड वर्षात एक थेंब नाही, लग्नात नाही की पोळ्याला नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आलं आणि वीस मिनिटांत बाग आडवी झाली, घडासकट. पंधरा दिवसांत माल निघणार होता, व्यापारी बघून गेला होता.

आता माझा प्रश्न नीट वाचा. त्या रात्री तो प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही, उलट तलाठ्याकडे जा, फोटो काढ, पंचनाम्यासाठी फोन कर, नुसता पळत होता, जेवायची शुद्ध नव्हती. तिसरा दिवस पण गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी प्यायला आणि तेव्हापासून सुरूच आहे.

आई म्हणते त्याच्यात जिद्दच नाही. काका म्हणतात निमित्तच शोधत होता. मी मोबाईलवर वाचलं की ताणात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, ते मेंदूवर काम करतं आणि माणूस व्यसनाकडे ओढला जातो. हे खरंच आहे का, की मी बहीण म्हणून पांघरूण घालतेय? आणि खरं असेल तर चौथ्याच दिवशी का?

जामनेरचा_जिभाऊ (रात्री १०:२०)
ताई, बाकी राहू द्या, माणूस आत्ता कसा आहे ते सांगा.

बागवाली (रात्री १०:२६)
घरीच आहे. एक दिवसाआड पितो, कधी सलग दोन दिवस. कोणाशी बोलत नाही. रात्रभर ओट्यावर बसून असतो.

सातपुडा_पायथा (रात्री १०:४१)
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हल्ली प्रत्येक गोष्टीला हार्मोनचं नाव द्यायची पद्धत पडली आहे. माझ्या आजोबांनी १९७२ चा दुष्काळ काढला, दुष्काळी कामावर खडी फोडली, दोन बैल विकले, एक पोरगी आजाराने गेली. दारूला शिवले नाहीत. त्यांना कॉर्टिसोल नव्हतं का? मन घट्ट असलं तर काही होत नाही.

पारोळ्याची_सून (रात्री १०:५५)
दादा, आजोबांच्या कंबरेला चंची होती का?

सातपुडा_पायथा (रात्री ११:०३)
होती.

आणि आजी मिश्री लावायची, दिवसातून चारपाच वेळा तरी. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. तंबाखूला आपण व्यसन धरतच नाही ना घरात. ठीक आहे, बोला तुम्ही, मी ऐकतोय.

पारोळ्याची_सून (रात्री ११:०९)
माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, ज्या दिवशी घरात भांडण व्हायचं त्या दिवशी मिश्रीची डबी लवकर संपायची. त्यांना हार्मोन माहीत नव्हतं पण हिशोब बरोबर माहीत होता.

गिरणाकाठ (रात्री ११:५२)
ताई, मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे त्यामुळे थोडं लांब लिहितो. तुमचा चौथ्या दिवसाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, तिथपर्यंत येतो.

धोका दिसला की शरीरात दोन गोष्टी होतात. पहिली अॅड्रिनॅलिन, ती काही सेकंदात. छाती धडधडते, हात थरथरतात, भूक मरते. दुसरी कॉर्टिसोल, ती जरा सावकाश, रक्तात तिचा जोर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तिची साखळी आपल्या गिरणेच्या आवर्तनासारखी, म्हणजे कालव्याला पाळीने सोडलेल्या पाण्यासारखी समजा. वरून हुकूम निघतो (मेंदूतला हायपोथॅलॅमस), तो मधल्या माणसाला मिळतो (पिट्युटरी), तो खाली चारीचं गेट उघडतो (किडनीच्या वरची अॅड्रिनल ग्रंथी). पाणी शेतात पोचलं की खालून निरोप वर जातो, पुरे झालं, बंद करा. हा निरोप घेणारी एक मोठी जागा म्हणजे मेंदूतला हिप्पोकॅम्पस, आठवणींचं काम करणारा भाग. ब्रूस मॅकइवन यांनी १९६८ मध्ये उंदरांवर दाखवलं की हे हार्मोन रक्तातून थेट हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतं. तोवर लोकांना वाटायचं हे हार्मोन मेंदूत फार तर हुकूम सोडणाऱ्या हायपोथॅलॅमसपर्यंतच पोचतं. ते आठवणींच्या भागावरही उलटून काम करतं हे तिथून कळायला लागलं.

थोडा वेळ हे पाणी आलं तर उपकारच आहेत. बापू तीन दिवस पळत होता, पंचनामा करून घेतला, ते याच्याच जोरावर. त्रास होतो गेट बंदच झालं नाही तर. झोप नाही, कर्ज डोक्यावर, उद्याचं काही ठरलेलं नाही, म्हणजे पाणी चालूच. तेव्हा मेंदूचे तीन भाग तीन तऱ्हेने वागतात. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात. कपाळामागचा भाग, जो 'थांब, विचार कर' म्हणतो, तो कमजोर पडतो. आणि अमिग्डला, बदामाएवढा भाग, भीती आणि धोक्याचा, तो उलट वाढतो. हे तिसरं आपल्याकडे बंगळुरूला सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, २००२ साली. उंदरांना रोज दोन तास असं दहा दिवस हलता येणार नाही असं ठेवलं. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या कमी झाल्या, अमिग्डलाच्या वाढल्या. नंतर त्यांना एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डला तशीच वाढलेली राहिली. म्हणजे संकट टळलं तरी भीतीचा भाग जागाच राहतो. मी हे वर्गात शिकवताना दरवेळी दोन मिनिटं थांबायचो.

आता व्यसन. फ्रान्समध्ये पियाझा आणि ल मोआल यांनी १९८९ मध्ये बघितलं की सगळे उंदीर सारखे नसतात. नवीन जागेत सोडलं की काही फार सैरावैरा होतात आणि त्यांच्यात ताणाचं हार्मोन जास्त वेळ चढलेलं राहतं. तेच उंदीर नशेचं औषध स्वतःहून घ्यायला लवकर शिकले. कारण हे हार्मोन मेंदूतल्या डोपामिनच्या वाटेला, जी 'हे परत कर' असं शिकवते, जास्त तिखट करतं. जिद्द वगैरे शब्द उंदराला लागू नाहीत ना, म्हणून हा प्रयोग मला मोलाचा वाटतो.

आणि चौथा दिवस. हे माझं मत आहे म्हणून वाचा. तीन दिवस काम होतं, पळापळ होती. काम संपलं, माणसं घरी गेली, तीन रात्री झोप नव्हती, कपाळामागचा भाग थकलेला आणि अमिग्डला पूर्ण जागी. दीड वर्षापूर्वी ज्या वाटेने आराम मिळायचा ती वाट मेंदू विसरत नाही. तेव्हा हे पांघरूण नाही ताई.

भडगावकर (रात्री ११:५८)
दहावीत किडनीवर टोपी काढली होती अॅड्रिनलची, आज समजलं ती काय करते. सर, धन्यवाद.

आप्पा_साक्री (पहाटे ५:३०)
ताई, मना मोठा भाऊ बी असाच व्हता. सोडी दिन्ही व्हती, मंग पोरगीनं लगीन मोडनं तवय परत लागना. त्याले एकलं सोडू नका. रातले कोणी तरी जोडे बसा.

भुसावळ_लोको (सकाळी ६:४८)
आत्ताच ड्यूटीवरून आलो. आम्ही रनिंग स्टाफवाले, आज रात्री दोनला उठवतात, उद्या दुपारी, परवा पहाटे. मी अकरा वर्षं तंबाखू-चुना खाल्ला, आता चार वर्षं झाली सोडून. सर, एक विचारायचं होतं. तंबाखू तोंडात ठेवली की डोकं शांत व्हायचं, हे खोटं नव्हतं. मग डॉक्टर का म्हणतात की तंबाखूने ताण वाढतो? आणि झोपेच्या वेळा बिघडल्या की माझी तलफ दुप्पट व्हायची, हे पण त्याच हार्मोनमुळे का?

गिरणाकाठ (सकाळी ९:१५)
लोको भाऊ, दोन्ही खरं आहे. निकोटिन रक्तातून लवकर उतरतं, दोनेक तासांत निम्मं. उतरलं की अस्वस्थपणा सुरू होतो. पुढची चिमूट त्या अस्वस्थपणाला शांत करते आणि आपल्याला वाटतं तंबाखूने ताण घालवला. खरं तर आधीच्या चिमटीने लावलेली आग पुढची चिमूट विझवते. आणि निकोटिन स्वतः कॉर्टिसोल वाढवतं. दारूचंही तसंच, पिताना सैल वाटतं पण ती तीच साखळी हलवते आणि उतरताना जास्त हलवते.

झोपेचं म्हणाल तर कॉर्टिसोलला दिवसाचं वेळापत्रक आहे. पहाटे चढायला लागतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली. तुमच्या ड्यूटीत ते वेळापत्रकच उलटंपालटं होतं आणि अर्धवट झोपेत आवर घालणारा भाग सगळ्यात आधी ढिला पडतो. चार वर्षं टिकलात हे फार मोठं काम आहे तुमचं, मनापासून सांगतो.

वांग्याचं_भरीत (सकाळी १०:०२)
मंडळी, माझ्याकडे ताणावर एकच औषध आहे. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडवणीत ठेचलेली, सोबत कळण्याची पुरी, आणि शेतात वीस जण. कॉर्टिसोल स्वतः येऊन ताट वाढून घेतं.

भडगावकर (सकाळी १०:१०)
कळण्याची पुरी?? कळण्याची भाकरी असते दादा.

वांग्याचं_भरीत (सकाळी १०:१४)
आमच्याकडे दोन्ही चालतं. तुम्ही या, भाकरी वेगळी टाकून देतो.

पारोळ्याची_सून (सकाळी १०:३१)
आणि वरून कच्चा कांदा आणि मिरचीचा ठेचा. मिरची नंदुरबारची.

जामनेरचा_जिभाऊ (सकाळी ११:२०)
भरीत पार्टीवरून एक बोलतो, मूळ धाग्याचंच आहे. हिवाळ्यात शेतात भरीत म्हणजे आमच्या लहानपणी बायकापोरं सगळी असायची. आता कित्येक ठिकाणी फक्त पुरुष आणि गाडीच्या डिकीत खोकं. मी दारू सोडली त्याला सहा वर्षं झाली. पहिले दोन हिवाळे मी एकाही पार्टीला गेलो नाही, कारण बाटली उघडल्याचा आवाज आला की पोटात कालवायचं. म्हणजे ज्या माणसांत बसून ताण हलका व्हायचा ती माणसंच सुटली. हा फार मोठा तोटा आहे आणि यावर कोणी बोलत नाही. सोडलेल्या माणसाला लोक शाबासकी देतात आणि पार्टीला बोलावणं बंद करतात.

तिसऱ्या वर्षी माझ्या साडूने बिनबाटलीची पार्टी ठेवली, मुद्दाम माझ्यासाठी. मी त्या रात्री रडलो होतो.

गिरणाकाठ (सकाळी ११:४४)
जिभाऊ, तुमच्या साडूने जे केलं त्याला शास्त्राचा आधार आहे. परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं, असा ताणाचा एक ठरलेला प्रयोग आहे, १९९३ पासून जगभर वापरतात. त्याच प्रयोगात आधी जवळच्या मित्राला सोबत बसू दिलं तर कॉर्टिसोल कमी चढतं असं दिसलं आहे. आप्पा पहाटे म्हणाले ना, रातले जोडे बसा, तेच.

अमळनेरची_लेक (दुपारी १:३७)
सकाळपासून वाचतेय आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील प्यायचे. कापसाला भाव मिळाला नाही की प्यायचे, भाव मिळाला की त्या आनंदात प्यायचे. आई मार खायची. मी आणि माझा भाऊ गोठ्यात बैलाच्या गव्हाणीमागे लपायचो, मी त्याचे कान झाकायची. आज मी एकोणचाळीस वर्षांची आहे, रात्री दाराची कडी वाजली तरी मला घाम फुटतो. माझा नवरा अत्यंत शांत माणूस आहे तरीही.

म्हणून विचारते. हे हार्मोन फक्त पिणाऱ्याच्या अंगातच असतं का? आमच्या आईच्या अंगात नव्हतं? तिचा तर कोणी पंचनामाही केला नाही. ताणामुळे प्यायला हे मी मान्य करते, पण ताणामुळे मारलं हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. बागवाली ताई, तुमच्या बापूबद्दल हे नाही, त्याने कोणाला हात लावला असं तुम्ही लिहिलेलं नाही. पण उद्या कोणी हा धागा दाखवून म्हणेल की बघ, माझं कॉर्टिसोल वाढलं होतं. त्याला उत्तर इथेच लिहून ठेवते, नाही चालणार.

आणि दुसरं. माझा भाऊ, ज्याचे कान मी झाकायची, तो एकोणिसाव्या वर्षी पुडी खायला लागला आणि पंचविसाव्या वर्षी दारू. घरात दारूने काय होतं हे सगळं डोळ्यांनी बघून. लोक म्हणतात बापावर गेला. मला कोणी सांगा, काय गेलं त्याच्यात बापाकडून?

बागवाली (दुपारी १:५०)
ताई, वाचून हात थांबले. तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के. बापूने हात उचललेला नाही, पण आईची रात्रीची झोप गेली आहे हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलंच नाही, मलाही सुचलं नाही.

गिरणाकाठ (दुपारी ३:२०)
अमळनेरच्या ताई, तुमच्या प्रश्नाला घाईत उत्तर द्यायचं नव्हतं.

तुमच्या आईच्या अंगात ते होतं, तुमच्या दोघांच्या अंगात तर वाढत्या वयात होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा यांचा अभ्यास आला, सॅन दिएगोमधल्या लोकांना लहानपणीच्या गोष्टी विचारल्या. मारहाण, आईला मार बसताना बघणं, घरात दारुडा असणं, अशा. ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, नशा, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, ज्यांच्या वाट्याला एकही नव्हता त्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. तुमच्या यादीत त्यातले दोन तर तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतच आहेत.

भावाच्या बाबतीत थोडं रक्तातून येतं हेही खरं, व्यसनाकडे कल काही अंशी अनुवंशिक असतो. पण 'बापावर गेला' हे अर्धंच झालं. कॅनडात मायकेल मीनी यांनी उंदरांच्या आया बघितल्या. काही आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोलसारख्या हार्मोनचा निरोप घेणाऱ्या जागा जास्त तयार झाल्या, म्हणजे त्यांचं गेट वेळेवर बंद होतं. आणि कमी चाटणाऱ्या आईचं पिल्लू जास्त चाटणाऱ्या आईखाली वाढवलं तर ते तिच्यासारखं शांत झालं. जन्मदाती नव्हे, वाढवणारी मोजली गेली.

तुम्ही गव्हाणीमागे त्याचे कान झाकत होतात. त्याने काहीच झालं नाही असं समजू नका.

मारहाणीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ताण आवर ढिला करतो, कोणावर हात उचलायचा ते ताण ठरवत नाही. दारुडा माणूस सावकाराला मारत नाही, बायकोला मारतो, हे आपण सगळे बघतो.

सातपुडा_पायथा (संध्याकाळी ६:०५)
मी काल जे लिहिलं त्यानंतर दिवसभर वाचत बसलो. एक गोष्ट सापडली ती इथे टाकतो कारण ती दोन्ही बाजूंनी बोलते. व्हिएतनामला गेलेल्या अमेरिकन सैनिकांत १९७१ च्या सुमारास जवळपास पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. सरकार घाबरलं, हे सगळे परत आले तर काय होईल. ली रॉबिन्स बाईंनी परत आलेल्यांचा पाठपुरावा केला तर पहिल्या वर्षात व्यसनी झालेल्यांपैकी साधारण पाच टक्केच परत त्यात अडकले. हेरॉइन, दारू नव्हे! युद्ध संपलं, जागा बदलली, जुने सोबती सुटले.

म्हणजे नुसतं मन घट्ट असणं नाही हे मला पटलं, पाच टक्के सोडून बाकी सगळ्यांचं मन एकाच विमानात घट्ट झालं असं तर नाही ना. पण मग बापूचं काय? त्याचं युद्ध आणि त्याचं घर एकाच गट नंबरात आहे. बाग तिथेच, कर्ज तिथेच, दारूचं दुकान रस्त्यावरच. कुठल्या विमानात बसवणार?

शहादा_ते_पुणे (संध्याकाळी ७:१८)
अर्थशास्त्र शिकतेय, घरी कापूस. या धाग्यात एक गोष्ट यायलाच हवी. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, आनंदी मणी आणि सहकाऱ्यांचा. त्याच शेतकऱ्याची ऊस तुटण्याआधी, हात तंगीत असताना, आणि तुटल्यावर पैसे आल्यानंतर, अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. तोच माणूस, पण आधीच्या वेळी कामगिरी खाली. लेखकांचं म्हणणं की पैशाची काळजी डोक्यातली जागाच खाऊन टाकते, ते फक्त ताणाच्या हार्मोनवर ढकलत नाहीत, पण गोष्ट शेजारचीच आहे.

आमच्या घरी २०२२ चा कापूस आठवतो. आदल्या वर्षी दहा हजाराच्या वर भाव गेला होता म्हणून सगळ्यांनी घरात भरून ठेवला. ओसरीत कापूस, माझ्या अभ्यासाच्या खोलीत कापूस, अंगाला खाज सुटायची, आणि भाव रोज खाली. पप्पा सकाळी उठून आधी मोबाईलवर भाव बघायचे मग तोंड धुवायचे. त्या चार महिन्यांत पप्पांची सिगारेट दोनवरून पाकिटावर गेली. मम्मी त्यांना ओरडायची. आता वाटतं की ओरडण्याआधी कापूस विकायला पाहिजे होता.

जामनेरचा_जिभाऊ (रात्री ८:०२)
पोरी, शेवटचं वाक्य कोरून ठेवण्यासारखं आहे.

नशिराबाद_नाना (रात्री ८:४०)
लॅबमध्ये कॉर्टिसोलची टेस्ट होते म्हणे. ती करून घेतली तर कळेल ना किती ताण आहे? आणि अश्वगंधा? आणि एक पावडर मिळते, जेवणात मिसळायची, माणसाला न सांगता दारू सुटते, जाहिरात असते भिंतीवर.

गिरणाकाठ (रात्री ९:२५)
नाना, चांगलं झालं विचारलंत, कारण तिसरी गोष्ट जिवावर बेतू शकते.

सकाळी आठची कॉर्टिसोलची टेस्ट ही अॅड्रिनलच्या आजारांसाठी असते. मनावर किती ओझं आहे हे तिच्यावरून कळत नाही, पैसे घालवू नका. अश्वगंधेवर काही लहान अभ्यासांत कॉर्टिसोल थोडं उतरलेलं दिसतं, पण काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि पिणाऱ्याचं लिव्हर आधीच दमलेलं असतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच.

ती पावडर: त्यात काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. दारूवर चालणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम, त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. न सांगता मिसळणं म्हणजे विष घालण्यासारखं आहे.

ओढ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, मनोविकारतज्ज्ञ देतात. मात्र ताणाचा मेंदूतला हुकूमच अडवणारी गोळी, जिच्यावर फार आशा होती, ती उंदरांत चालली आणि दारू सोडणाऱ्या माणसांवरच्या चाचण्यांत चालली नाही. त्यामुळे कोणी हार्मोनची जादूची गोळी विकत असेल तर घेऊ नका.

आणि बागवाली ताई, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. बापूचं रोजचं झालं असेल तर घरी कोंडून ठेवून सोडवू नका.

बागवाली (रात्री ९:३३)
सर, आईने मागच्या आठवड्यात कोणाकडून तरी तशी पुडी आणून ठेवली होती. डब्यांच्या मागे होती. आत्ता उठून संडासात टाकून आले. आई रडली. मी पण.

भुसावळ_लोको (रात्री ९:४१)
बरं केलंत ताई.

गिरणाकाठ (रात्री ९:५८)
पायथा भाऊंच्या विमानाच्या प्रश्नावर. जागा बदलता येत नाही तेव्हा निर्णयाची वेळ बदलता येते. येल विद्यापीठात रजिता सिन्हा यांनी दारू सोडलेल्या माणसांना त्यांच्याच आयुष्यातला ताणाचा प्रसंग वाचून दाखवला, समोर दारू नाही काही नाही, नुसता प्रसंग. ओढ लगेच वाढली. आणि ज्यांची जास्त वाढली ते नंतर लवकर परत प्यायला लागले. म्हणजे त्या क्षणी विचार करून निर्णय घेईन असं म्हणण्यात अर्थ नाही, विचार करणारा भागच तेव्हा जाग्यावर नसतो. जे ठरवायचं ते आधी, शांत डोक्याने. पैसे कोणाकडे राहतील, फोन कोणाला करायचा, वादळाचा इशारा आला की रात्री कोण येऊन बसेल.

बापूला विचारा ताई, चौथ्या दिवशी नक्की काय झालं होतं. 'का प्यायलास' नका विचारू, 'काय झालं' विचारा.

बागवाली (एकोणीस दिवसांनी, रात्री ९:०५)
मंडळी, उशीर झाला, माफ करा.

विचारलं. लगेच नाही बोलला. ओट्यावर मी रोज रात्री त्याच्याजवळ बसायला लागले, आप्पांनी सांगितलं तसं, काही न बोलता. सहाव्या रात्री स्वतःहून म्हणाला. चौथ्या दिवशी मजूर पडलेली खोडं तोडायला आले होते. कोयत्याचा तो ओला आवाज दिवसभर ऐकला. माल निघतो तेव्हाही तसाच आवाज येतो, म्हणे, फक्त तेव्हा ट्रॅक्टरला घड लागलेले असतात. संध्याकाळी मजुरांचे पैसे द्यायला तालुक्याला गेला, सुट्टे करायला थांबला तिथे समोरच दुकान. खिशात रोकड होती. त्याला स्वतःला आठवत नाही आत कसा गेला.

मी हे आईला सांगितलं. आईने जिद्दीचं नाव नाही काढलं त्यानंतर.

पुढचं सांगते. १४४१६ वर फोन केला, टेलि-मानस, मराठीत बोलले, मी आधी बोलले मग बापू बोलला, वीस मिनिटं. त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार विभागात दाखवायला सांगितलं. दोनदा जाऊन आलो. झोपेसाठी आणि ओढीसाठी औषध सुरू आहे, बापूच्या हातात, त्याला सगळं माहीत आहे. मजुरांचे पैसे आता मी फोनवरून टाकते, रोकड तो हातात घेत नाही, हे त्यानेच ठरवलं. आज बारावा दिवस. मधे एकदा घसरला, सहाव्या दिवशी, दुसऱ्या सकाळी स्वतः सांगितलं.

आईला पण त्याच दवाखान्यात दाखवलं. अमळनेरच्या ताईंमुळे.

आता एक अडचण आहे. दारू सोडणाऱ्यांची बैठक भुसावळला असते, दर गुरुवारी संध्याकाळी. बापू एकटा जायला तयार नाही, मी सोबत गेले तर लोक काय म्हणतील असं त्याला वाटतं.

भुसावळ_लोको (रात्री ९:१९)
ताई, या गुरुवारी माझी रेस्ट आहे. त्याला साडेपाचच्या आत बसने पाठवा, मी स्टँडवर उभा असतो. निळा शर्ट घालीन. तंबाखूवाला आहे मी, दारूवाला नाही, पण दारापर्यंत सोबत येईन आणि बाहेर बसेन.

जामनेरचा_जिभाऊ (रात्री ९:२४)
बाहेर कशाला, आत मी आहे. मी पण येतो गुरुवारी.

अमळनेरची_लेक (रात्री ९:५०)
कुठली बैठक आहे ते मला पण पाठवा ताई. माझ्या भावाला दाखवायचं आहे.

बागवाली (रात्री ९:५८)
पाठवते ताई. जिभाऊ, लोको दादा, बापूला आत्ताच वाचून दाखवलं. विचारतोय, परतीची बस किती वाजता असते.